‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्यांना

आमच्या बेळगावात सध्या एक शब्द फार स्वस्त झाला आहे. औषधाच्या दुकानात जा, लग्नाच्या पंगतीला बसा, की सकाळी फिरून आलेल्या मंडळींच्या बाकावर टेका. ‘प्रतिकारशक्ती’ कानांवर आदळल्यावाचून राहत नाही. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत हा शब्द काढ्याच्या पातेल्याबरोबर घराघरांत शिरला आणि साथ ओसरली तरी हा पाहुणा हलायला तयार नाही. सर्दीवर प्रतिकारशक्ती, गुडघेदुखीवर प्रतिकारशक्ती, दहावीच्या परीक्षेवरही प्रतिकारशक्ती! इथवर माझी काही तक्रार नव्हती. ज्याला कडू काढा प्यायचा त्याने खुशाल प्यावा. तुळस आणि आले यांनी कुणाचे घर बुडवल्याचे मी ऐकलेले नाही. परंतु हल्ली हा शब्द कॅन्सरच्या रोग्याच्या उशाशी जाऊन बसला आहे आणि तिथे तो निरुपद्रवी राहत नाही. म्हणून हे लिहिणे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. तीस वर्षे माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतरही त्या विषयाचे वाचन सुटले नाही, एवढाच माझा अधिकार. लेखाला मास्तरकीचा वास आला तर वाचकांनी सोसून घ्यावा.

या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे : प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून कॅन्सर होतो, आमच्या चूर्णाने, रसाने किंवा गोळीने ती वाढते, आणि ती वाढली की शरीर आपले आपण कॅन्सरला हाकलून देते. ऐकायला किती सरळ! टाकीतले पाणी कमी झाले, नळ सोडला, टाकी भरली. शरीरात अशी टाकीच नाही, हे मला सांगायचे आहे.

कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत मुख्य म्हणजे टी पेशी. हा ‘टी’ थायमसचा. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ही ग्रंथी असते. १९६१ सालापर्यंत ती निरुपयोगीच मानली जाई. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून पाहिली, तेव्हा ते उंदीर साध्या साध्या संसर्गांना बळी पडू लागले आणि परक्या उंदराची कातडी लावली तरी ती नाकारेनासे झाले. ही ग्रंथी म्हणजे टी पेशींची शाळा आहे, हे त्यातून कळत गेले.

आणि ही शाळा भलतीच कडक. इथे येणाऱ्या प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळख पटवणारा एक रेणू असतो, त्याचा आकार प्रत्येकीचा निराळा, जवळजवळ सोडतीत निघाल्यासारखा. जिला शरीराची भाषा मुळी वाचताच येत नाही, ती इथेच मरते. जी आपल्याच शरीरातल्या मजकुरावर खवळून उठते, तीही इथेच मारली जाते. शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक पेशी या शाळेतून जिवंत बाहेर पडत नाहीत. आमच्या बोर्डाचा निकाल कधी इतका खाली गेला नव्हता! शरीर लढणाऱ्या पेशी निवडताना आधी काय पाहते, तर ती घरच्यांवर हात उगारील काय. ‘वाढवा, वाढवा’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढे ध्यानात घ्यावे.

आता ही पेशी ओळखते कसे? आपल्या अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पोटात काय शिजते आहे त्याची वानगी दाराबाहेर मांडून ठेवते. धान्याच्या अडतीत पोत्याला टोचा मारून मूठभर दाणे तळहातावर घेतात आणि त्यावरून पोते पारखतात, तसेच हे. पेशीतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात. त्यांतले आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एका खाचेत बसवून पेशी ते बाहेर दाखवते. ही खाच असणारे रेणू म्हणजे एचएलए. मूत्रपिंड बदलताना ‘जुळते का’ म्हणून डॉक्टर पाहतात, ते हेच. टी पेशी दारोदार हिंडत या वानग्या चाचपते. वानगी ओळखीची असली तर पुढचे दार. विषाणूचा तुकडा दिसला तर मात्र ती चिकटते, समोरच्या पेशीच्या भिंतीला परफोरिनने भोके पाडते आणि त्यातून ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत सोडते. ती त्या पेशीला मरायला लावतात. टी पेशी परकी वस्तू एकटी पाहत नाही, आपल्या घरच्या खाचेत बसलेली असेल तरच पाहते, हा शोध कॅनबेरात पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागल यांनी १९७४ च्या सुमारास लावला. १९९६ साली त्याला नोबेल मिळाले.

कॅन्सरची अडचण इथेच सुरू होते. कॅन्सर बाहेरून येत नाही, तो आपल्याच पेशीचा बिघाड. त्याच्या दारातली बहुतेक वानगी आपल्याच घरची असते आणि ती वाचून खवळणाऱ्या पेशी तर थायमसने केव्हाच मारून टाकलेल्या. राहतात ते जनुकांतल्या बिघाडामुळे बदललेले थोडे तुकडे. एखाद्या अक्षराचा फरक म्हणा. तेवढ्यावरून ओळखायचे! कातडीच्या मेलानोमात किंवा तंबाखूच्या धुराने झालेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये असे बिघाड पुष्कळ असतात, म्हणून तिथे टी पेशींना सुगावा लागण्याची शक्यता अधिक. इतर कित्येक कॅन्सर या बाबतीत मुके असतात. काही कॅन्सर तर दारातली खाचच काढून टाकतात. वानगीच नाही, मग पारखायचे काय?

आता कळीचा मुद्दा. प्रतिकारशक्ती कमी म्हणून कॅन्सर, या वाक्यात काहीच खरे नाही असे मी म्हणत नाही. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना प्रतिकार दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि त्यांच्यात काही कॅन्सर जास्त दिसतात. एड्सच्या रोग्यांतही दिसतात. हे मान्य. परंतु एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या कॅन्सरला हा नियम लावता येत नाही. अमेरिकेत सेंट लुईसला रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लढणाऱ्या पेशी नसलेल्या उंदरांत उपजलेल्या गाठी धडधाकट उंदरांत बसवल्या, तर त्यांतल्या पुष्कळशा नष्ट झाल्या. परंतु धडधाकट उंदरांतच उपजलेल्या गाठी दुसऱ्या धडधाकट उंदरांत बसवल्या तेव्हा त्या वाढल्या. याचा अर्थ लावून पाहा. चांगल्या पहाऱ्यात जी गाठ उपजते, तिच्यातल्या ओळखू येणाऱ्या पेशी पहारेकऱ्यांनी आधीच टिपलेल्या असतात आणि चाळणीतून उरतात त्या न ओळखू येणाऱ्या. म्हणजे त्या माणसाचा पहारा झोपलेला नव्हता. तो जागा होता, काम करत होता, आणि त्याच्या कामातूनच हा बेरकी चोर निवडून निघाला.

हे मी इतके घोळवून सांगतो त्याला कारण आहे. माझा एक जुना विद्यार्थी निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचा. तंबाखूच्या राशीत बसणाऱ्याने तंबाखू न मळणे म्हणजे गुऱ्हाळात राहून रस न पिणे. त्याच्या गालात आतून छाला झाला, तो भरेना. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि ऑपरेशन लगेच करा म्हणून सांगितले. जबड्याचा भाग जाणार, हे ऐकून घर हादरले. अशा वेळी सल्ला देणारे गोळा होतातच. कुणीतरी त्यांना एका ‘केंद्रा’त नेले. तिथे कोट घातलेल्या गृहस्थाने सांगितले, कापाकापी केली की रोग पसरतो, आधी प्रतिकारशक्ती वाढवू, मग पाहू. डबे महाग होते. बायकोच्या पाटल्या गेल्या. चार महिन्यांनी मानेत गाठी आल्या. पुन्हा डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी ऑपरेशनची वेळ गेल्याचे सांगितले. तो गेला. बाराव्याला मी गेलो होतो. जेवणाच्या पानावर बसलेला एक नातलग वाढप्याला थांबवून मला म्हणाला, “सर, त्याची प्रतिकारशक्तीच मुळात कमी. मनानेही तो लढला नाही हो.”

मला त्या चूर्णवाल्यापेक्षा या वाक्याचा संताप अधिक आला. चूर्णवाला पैसे घेतो. हे वाक्य मेलेल्या माणसाला त्याच्या मरणाबद्दल गुन्हेगार ठरवते, आणि बायको माजघरात ते ऐकत असते. तुम्ही म्हणता तसे हे लढण्याचे, मनोबलाचे किंवा ज्ञानाचेच काम असते, तर राल्फ स्टाइनमन गेले नसते. टी पेशींना वानगी दाखवून कामाला लावणाऱ्या डेंड्रिटिक पेशी १९७३ साली शोधणारे ते गृहस्थ. स्वतःला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तेव्हा त्यांनी आपल्याच पेशींपासून लशी करवून टोचून घेतल्या. साडेचार वर्षांच्या आसपास टिकले, ते त्या रोगात पुष्कळच. परंतु ३० सप्टेंबर २०११ ला गेले आणि तीन दिवसांनी त्यांचे नोबेल जाहीर झाले. त्यांचीही प्रतिकारशक्ती कमी होती काय? तेही लढले नाहीत?

बरे, प्रतिकार सरसकट वाढवला तर काय होते, हे कुणी करून पाहिलेच नाही असेही नाही. टी पेशीला नुसती ओळख पटून भागत नाही. तिच्या अंगावर सीडी२८ नावाचा दुसरा रेणू असतो, तोही दाबला गेला तर ती पेटते. हा तिचा अ‍ॅक्सिलरेटर समजा. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना टीजीएन१४१२ नावाचे नवे औषध टोचले गेले. ओळख पटो न पटो, हा अ‍ॅक्सिलरेटर थेट दाबणारे ते औषध होते. दोन तासांच्या आत सहाही जण तळमळू लागले आणि पुढे त्यांचे एकेक अवयव निकामी होत अतिदक्षता विभागात पोहोचले. जीव वाचले, पण एकाच्या हातापायांची बोटे गेली. वाढलेली प्रतिकारशक्ती पाहायची असेल तर ती ही.

तुमचे चूर्ण हे करत नाही, हे रोग्याचे भाग्य. ते टी पेशीपर्यंत पोचतच नाही.

ज्या उपचाराने खरोखर काही साधले त्याची दिशा उलटी होती. टी पेशीला ब्रेकही असतात. त्यांतला एक सीटीएलए-४. १९९५ साली हा ब्रेक जन्मतःच नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले गेले; ते तीन-चार आठवड्यांत मेले, कारण त्यांच्या टी पेशी मोकाट वाढून त्यांच्याच अवयवांत घुसल्या. ब्रेक किती मोलाचा आहे, हे त्यावरून कळावे. कॅलिफोर्नियात जेम्स अ‍ॅलिसन यांनी विचार केला, की हा ब्रेक काही काळापुरता झाकला तर? १९९६ साली त्यांनी दाखवले की तसे केल्यावर उंदरांतल्या गाठी विरघळतात. जपानात क्योटोला तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली पीडी-१ हा दुसरा रेणू शोधला होता. तोही ब्रेकच निघाला. पुष्कळ कॅन्सर काय करतात, तर टी पेशी जवळ आली की हाच ब्रेक बाहेरून दाबून धरतात. पहारेकरी चोराला ओळखतो, हात उचलतो, आणि चोर त्याचे मनगट धरतो, असा प्रकार. ते मनगट सोडवणारी औषधे निघाली. पहिले इपिलिमुमॅब, त्याला अमेरिकेत २०११ साली परवानगी मिळाली. पसरलेल्या मेलानोमाचे रोगी पूर्वी वर्षभरही क्वचित काढत. या औषधाने साधारण पाचातला एक तीन वर्षांनंतरही जिवंत राहिला. अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा २०१५ साली यकृतात आणि मेंदूत गेला होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ वरचे औषध यांनंतर ते बरे झाले आणि २०२४ च्या डिसेंबरात वयाच्या शंभराव्या वर्षी वारले.

पाचातला एक, असे मी म्हटले. उरलेल्या चौघांचे काय, हे विचारायला विसरू नका. त्यांच्या टी पेशींना मुळात ओळखच पटलेली नसेल, तर ब्रेक सोडून गाडी जाणार कुठे? शिवाय ब्रेक सुटल्यावर कुणाच्या आतड्याला, कुणाच्या थायरॉइडला, कुणाच्या फुप्फुसाला आणि क्वचित हृदयालाही आपल्याच पेशींचा मार बसतो. ही औषधे देणारा डॉक्टर म्हणूनच महिनोन्महिने तपासण्या करत राहतो. चूर्णवाला ‘कोणताही दुष्परिणाम नाही’ असे छापतो. खरे आहे, परिणामच नाही.

मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये बीसीजीची लस मूत्राशयात सोडतात आणि तिथला प्रतिकार चेतवतात, तिचा उपयोग होतो, असे कुणी वाचक म्हणेल. बरोबर आहे. परंतु ती त्या एका पिशवीत, सुरुवातीच्या अवस्थेत, दुर्बिणीतून गाठ खरवडून काढल्यावर. सकाळी उपाशीपोटी दोन चमचे नव्हे. तसेच पवईच्या आयआयटीत आणि टाटा रुग्णालयात तयार झालेली, २०२३ साली परवानगी मिळालेली नेक्सकार१९ ही पद्धत घ्या. काही रक्तकर्करोगांच्या रोग्याच्या टी पेशी बाहेर काढतात, कॅन्सरच्या पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखणारा रेणू त्यांच्यात बसवतात, मग त्या वाढवून परत देतात. इथे वाढवतात खरे. पण आधी ओळख देतात.

मला सर्वांत शिकवून गेला तो टाटा रुग्णालयाचाच आणखी एक प्रयोग, आणि तो आपल्या तंबाखूच्या मुलखाच्या फार जवळचा. पीडी-१ वरचे निव्होलुमॅब हे औषध ठरलेल्या मात्रेत घ्यायचे तर दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, आणि त्याचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणारा नाही. टाटाच्या डॉक्टरांनी विचार केला, की टी पेशीवरच्या ब्रेकच्या जागा थोड्या औषधानेही भरतात, मग इतके कशाला? डोके आणि मान यांच्या पुढच्या अवस्थेतल्या कॅन्सरच्या १५१ रोग्यांना त्यांनी दोन गटांत विभागले. सगळ्यांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या; एका गटाला त्याबरोबर तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. नुसत्या गोळ्यांवर वर्षाअखेर शंभरातले सोळा जिवंत होते, औषध दिलेल्या गटात त्रेचाळीस. २०२२ साली हे प्रसिद्ध झाले. या रोग्यांचा आजार हाताबाहेर गेलेला होता आणि हे औषध त्यांना कायमचे बरे करणारे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परंतु दर खेपेला बारावा हिस्सा औषधात एवढा फरक पडला! खऱ्या औषधाच्या बाबतीतसुद्धा ‘जास्त म्हणजे चांगले’ हे गणित चुकते, आणि आमचे लोक चूर्णाचा चमचा दोनाचा चार करून बसतात.

कायद्याबद्दल एक शब्द. १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींवरील कायद्याने कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करता येत नाही. म्हणून डब्यावर कॅन्सर हा शब्द नसतोच. ‘प्रतिकारशक्तीवर्धक’ एवढेच असते. उरलेले वाक्य विक्रेता तोंडी पुरे करतो, किंवा घाबरलेला रोगी मनातल्या मनात पुरे करतो. याच अंकात जाहिरातींच्या पानांवर असा एखादा डबा झळकलेला दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही. संपादक माझे स्नेही आहेत आणि दिवाळी अंक जाहिरातींवर चालतो, हे मला ठाऊक आहे. तरी लेख छापून आला, याबद्दल त्यांचे आभार.

चूर्णवाल्यांना मी दोन प्रश्न विचारत आलो आहे. तुमचे औषध टी पेशीला कॅन्सरची कोणती वानगी ओळखायला शिकवते? आणि ते कोणता ब्रेक सोडवते? एकाने मला रंगीत पत्रक दिले. दुसऱ्याने शहापूर-वडगाव भागाची एजन्सी देऊ केली.

त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षा मी सोडली आहे. माझे मागणे आपल्या मंडळांकडे, वाचनालयांकडे आणि देवस्थानच्या सभागृहांकडे आहे, कारण ‘मोफत प्रतिकारशक्ती शिबिरे’ भरतात ती तिथेच, आपण दिलेल्या खुर्च्यांवर. सभागृह भाड्याने देण्यापूर्वी हे दोन प्रश्न त्यांना लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत किल्ली देऊ नका. त्याच खुर्च्यांवर वर्षातून एकदा दातांच्या डॉक्टरांना बोलवा. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाचे तोंड उघडून पाहायला बॅटरी आणि आरसा पुरतो. गालात किंवा जिभेवर तीन आठवडे न भरणारा छाला, पांढरा किंवा लाल चट्टा, आवळत चाललेला जबडा दिसला, तर त्या माणसाला त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात पाठवा. बरोबर कुणी जाणारे नसेल तर मंडळाचा एक कार्यकर्ता द्या.